हँडेलचं ‘झेडॉक द प्रीस्ट’ : ते पहिले २२ बार कशासाठी?

टेम्सकाठचा (धागाकर्ता)

फुटबॉलच्या चॅम्पियन्स लीगच्या मॅचआधी वाजणारं गाणं झोपेतही ओळखतील अशी मंडळी इथे भरपूर आहेत, पण ते ज्याच्यावरून उचललंय ते अख्खं ऐकलेली फार थोडी असतील, म्हणून हा धागा काढतोय. मूळ चीज म्हणजे जॉर्ज फ्रिडरिक हँडेलचं ‘झेडॉक द प्रीस्ट’, साल १७२७. प्रकार अँथम, म्हणजे इंग्लंडच्या चर्चमध्ये प्रार्थनेच्या ओघात कॉयरनं, म्हणजे गायकांच्या संचानं, गायची इंग्रजी रचना, शब्द बहुतेक वेळा बायबलमधले. हा मात्र रोजच्या प्रार्थनेचा नाही, राज्याभिषेकाचा. ११ ऑक्टोबर १७२७ ला वेस्टमिन्स्टर अॅबीत दुसऱ्या जॉर्जला आणि राणी कॅरोलाइनला मुकुट चढला, त्या सोहळ्यासाठी हँडेलनं चार अँथम लिहिले त्यातला हा एक. तेव्हापासून तिथल्या प्रत्येक राज्याभिषेकात तो गायला गेलाय, २०२३ मध्ये तिसऱ्या चार्ल्सच्या वेळीसुद्धा.

मला बोलायचंय ते सुरुवातीच्या २२ बारांबद्दल (बार म्हणजे ठरलेल्या मात्रांचा एक तुकडा, आपल्या आवर्तनासारखा). तिथे कोणी गात नाही. व्हायोलिनचे तीन गट केलेत, ते सुट्या सुरांच्या लडी वर चढवत नेतात, खाली ओबो आणि बासून ही फुंकायची वाद्यं एकाच ठेक्यात सूर धरून बसतात, आणि आतल्या आत हार्मनी सरकत राहते. वाटतं आता येणार, आता येणार, तर येत नाही, दुसरीकडेच वळतं. ट्रम्पेट नाही, नगारा नाही, धून म्हणून गुणगुणता येईल असं काही नाही. साधारण दीड मिनिट हे चालतं आणि मग एका क्षणात सात आवाजांचा कॉयर, तीन ट्रम्पेट, नगारे, सगळं एकदम अंगावर येतं.

लोक याला ‘मस्त बिल्डअप आहे’ म्हणून सोडून देतात. माझं म्हणणं असं की हे २२ बार विधी समोर ठेवून लिहिलेत. हा अँथम अभिषेकाच्या जागी येतो. राजा अंगावरची भारी वस्त्रं उतरवतो, जुन्या लाकडी खुर्चीत बसतो, त्याच्या डोक्यावर, छातीवर, हातांवर तेल लावतात, आणि हे कोणालाही दिसू द्यायचं नसतं. १९५३ ला एलिझाबेथच्या वेळी वर छत धरलं होतं आणि टीव्हीनं तेवढा भाग दाखवला नाही, २०२३ ला सरळ तीन बाजूंनी पडदे लावले. म्हणजे अख्ख्या सोहळ्यातला सगळ्यात पवित्र मानलेला भाग लोकांना दिसत नाही आणि तेवढ्या वेळात त्यांच्याकडे असतो फक्त आवाज. हँडेलनं ओळखलं की लोक वाट बघत उभे राहणार, तर ती वाट बघणंच संगीतात घालू.

बोला आता.

बॅकबेंचर

रुमाल टाकून ठेवतोय, रात्री नीट वाचतो. पण चॅम्पियन्स लीगचं ‘द चॅम्पियन्स’ हे गाणं हँडेलचं आहे असं म्हणणाऱ्यांशी मी आजवर भांडत आलोय, ते टोनी ब्रिटननं १९९२ मध्ये बनवलंय ना?

टेम्सकाठचा

बरोबर. त्यानं हँडेलकडून ती चढत जाणारी व्हायोलिनची लड घेतली आणि पुढचं गाणं स्वतःचं केलं, इंग्रजी, फ्रेंच, जर्मन तिन्ही भाषांत शब्द घातले. गंमत बघा, खेळाडू रांगेत उभे आहेत, अजून काही घडलेलं नाही, सगळे ताटकळलेत, अशाच जागी तोही तुकडा बसवलाय. माणसाला नेमकं काय उचलायचं ते कळलं होतं.

नगरची_नलू

धागा आवडला, वाचनखूण साठवली. आम्ही ख्रिस्ती घरातले, झेडॉक म्हणजे बायबलमधला सादोक याजक, त्याची गोष्ट संडे स्कूलपासून पाठ आहे, ती इथे कोणी सांगितली नाही म्हणून लिहिते, कारण गोष्ट कळल्याशिवाय त्या गाण्यातला जल्लोष कुठून येतो ते कळणार नाही.

१ राजे, पहिला अध्याय. दावीद राजा म्हातारा झालाय, कितीही पांघरुणं घातली तरी अंगात ऊब येत नाही. गादीवर कोण हे ठरायचंय. एक मुलगा अदोनीया परस्पर मेजवानी घालतो, सरदार आणि भावंडं गोळा करतो आणि मीच राजा म्हणून मोकळा होतो, फक्त शलमोनाला, नाथान संदेष्ट्याला आणि त्यांच्या माणसांना आमंत्रण नसतं. नाथान जाऊन शलमोनाच्या आईला, बथशेबेला, सावध करतो, दोघं दावीदापुढे उभे राहतात, आणि म्हातारा राजा लगेच हुकूम सोडतो की शलमोनाला माझ्या खेचरावर बसवा, गीहोनाच्या झऱ्याकडे न्या आणि अभिषेक करा. सादोक याजक तेलाचं शिंग आणतो, अभिषेक होतो, रणशिंग वाजतं आणि लोक एवढे ओरडतात की त्या आवाजानं धरणी दुभंगली असं लिहिलंय.

आता पुढचं बघा, टेम्सकाठच्यांच्या मुद्द्याला धरून आहे. तिकडे अदोनीयाची मेजवानी संपत आलेली असते. त्याला दिसत काहीच नाही, फक्त शहरातून गलका ऐकू येतो. हा आवाज कसला म्हणून विचारतात तोवर निरोप्या येतो की शलमोन गादीवर बसला, आणि पाहुणे घाबरून एकेक करून पसार होतात. म्हणजे मूळ गोष्टीतसुद्धा राज्य कोणाचं झालं हे आवाजावरून कळतं. हँडेलच्या गाण्यात अदोनीयाचं नावही नाही, पण तो कॉयर एकदम फुटतो ना तेव्हा मला दर वेळी त्या जेवत बसलेल्या लोकांचीच आठवण येते.

टेम्सकाठचा

नलूताई, दंडवत. हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

इतिहासाचा_तास

नलूताईंच्या प्रतिसादाला जोड. ही गोष्ट १७२७ च्या लंडनमध्ये ऐकणाऱ्यांना चांगलीच झोंबणारी होती. हॅनोव्हर घराणं जर्मनीतून आणून बसवलेलं, दुसरा जॉर्ज हा त्यातला दुसराच राजा, आणि स्टुअर्ट घराण्याचा दावेदार परदेशात बसून गादी माझी म्हणत होता. अशा वेळी ‘खरा अभिषेक कोणाचा’ ही गोष्ट सगळ्यांसमोर वाजवायची म्हणजे नुसती भक्ती नव्हे. पण अँथमचे हे शब्द (सादोक आणि नाथान यांनी शलमोनाला अभिषेक केला, लोक आनंदले आणि राजा चिरायू होवो म्हणाले) त्या प्रसंगासाठी शोधलेले नाहीत, ९७३ मध्ये एडगर राजाचा बाथला अभिषेक झाला तेव्हापासून याच ओळी तिथल्या राज्याभिषेकात आहेत. हँडेलच्या आधी १६६१ मध्ये दुसऱ्या चार्ल्ससाठी हेन्री लॉझनं यांनाच चाल लावली होती.

हँडेल तेव्हा कागदोपत्री नुकताच इंग्रज झालेला. जन्म हाले गावचा, १७१० पासून लंडनला येजा, आणि फेब्रुवारी १७२७ मध्ये पार्लमेंटच्या कायद्यानं नागरिकत्व मिळालं. जूनमध्ये पहिला जॉर्ज वारला, ऑगस्टमध्ये चॅपल रॉयलचा, म्हणजे राजाच्या प्रार्थनागृहाचा, संगीतकार विल्यम क्रॉफ्ट गेला, त्याच्या जागी मॉरिस ग्रीन आला. रीतीप्रमाणे काम ग्रीनला मिळायला हवं होतं, ते गेलं हँडेलकडे. ग्रीनला काय वाटलं असेल ते सांगायला नको.

बिशपांनी हँडेलला शब्द लिहून पाठवले तेव्हा तो भडकला असा किस्सा संगीताचा इतिहास लिहिणाऱ्या चार्ल्स बर्नीनं नोंदवलाय, मी बायबल नीट वाचलंय, माझे शब्द मी निवडीन, अशा अर्थाचं काहीतरी बोलला म्हणे. किस्सा ऐकीव आहे पण माणसाला शोभतो.

आणि आता खरी मजा. सराव ऐकायला लोकांची झुंबड उडाली होती, त्या वेळच्या वर्तमानपत्रात ४० गायक आणि सुमारे १६० व्हायोलिन, शिवाय ट्रम्पेट, ओबो, नगारे आणि वेदीच्या मागे उभारलेला ऑर्गन असा आकडा छापलाय. आकडा फुगवलेला असेल नसेल, पण फौज मोठी होती. प्रत्यक्ष सोहळ्यात मात्र आर्चबिशप विल्यम वेकनं स्वतःच्या प्रतीवर समासात टिपणं केलीत, त्यात एका अँथमसमोर लिहिलंय की सगळा गोंधळ, संगीत सगळं विस्कळीत. आणखी एक अँथम तर कॉयरच्या हलगर्जीपणामुळे गायलाच गेला नाही म्हणतो. आज ज्याला ब्रिटिश शिस्तीचा नमुना म्हणून दाखवतात त्या परंपरेचा पहिला दिवस हा असा होता.

बॅकबेंचर

हाहाहा, म्हणजे आपल्या गॅदरिंगसारखंच.

षड्जपंचम

ऐकलं तूनळीवर (यूट्यूबवर). सुरुवात खरंच सुंदर आहे. मला वाटतं हा आलाप आहे सरळसरळ, बंदिश यायच्या आधी रागाची ओळख करून द्यायची तसं. त्यात २२ बार मोजायचं काय कारण हे मला कळत नाही, ज्याला त्याला वाटेल तेवढं लांबवावं.

खर्ज

षड्जपंचम, आलाप नाही हो, आणि का नाही ते सांगतो, कारण मी हे गायलोय. मुंबईत एका हौशी कॉयरमध्ये बेसमध्ये, म्हणजे सगळ्यात खालच्या आवाजात, उभा असतो मी, नाव नको, आमचे कंडक्टर जालावर असतात.

आलापात गाणारा मोकळा असतो, त्याला पुढचा सूर कधी लावायचा ते त्याच्या हातात. इथे एक सूरही कोणाच्या हातात नाही. व्हायोलिनला प्रत्येक मात्रेत ठरलेले सूर आहेत, लय घड्याळासारखी पक्की, आणि वरवर मोकळं वाटतंय ते सगळं मापात आहे. गायकांचं काम म्हणजे मोजत उभं राहणं. आमच्याकडे ऑर्केस्ट्रा नव्हता, पियानोवर ते व्हायोलिनचं सगळं वाजवायचं होतं, वाजवणाऱ्या बाईंचे हात भरून यायचे आणि आम्ही दीडशे डोळे त्यांच्याकडे लावून मनात एकदोनतीनचार. विसाव्या बाराच्या आसपास हमखास कोणीतरी आधीच श्वास भरून बसायचा, मग प्रत्यक्ष वेळ येईपर्यंत तो श्वास शिळा झालेला, आणि ‘झेडॉक’चा ‘झे’ फुसका निघायचा. कंडक्टर म्हणायचे की श्वास बाविसाव्याच्या शेवटच्या ठोक्यावर घ्या, त्याआधी घ्याल तर मरा. तो ‘झे’ म्हणजे माशी भिरभिरल्यासारखा होऊन चालत नाही, सगळ्यांचा एकाच क्षणी सुटला पाहिजे.

मग तिथून पुढे शब्द सगळे एकत्र, ठोकळ्यासारखे, कोणी कोणाच्या मागून येत नाही, म्हणून एकही चुकला तर उघडा पडतो. ‘अँड ऑल द पीपल रिजॉइस्ड’ला तीनचा ठेका येतो, नाचाचा म्हणा ना, तिथे जरा हायसं वाटतं. आणि मग ‘गॉड सेव्ह द किंग’, परत चारात, आणि त्यातल्या ‘आमेन’च्या ताना. ताना म्हणजे तानाच, बारीक सुरांच्या, बेसलासुद्धा सोडलेलं नाही हँडेलनं. आमच्यासारखे जाड आवाजाचे लोक त्यात हा-हा-हा करत सुटतात आणि ते हसल्यासारखं ऐकू येतं. त्यावर उपाय एकच, शेजारच्याशी ठरवून आळीपाळीनं श्वास घ्यायचा आणि सगळेच सगळे सूर म्हणण्याचा हट्ट सोडायचा. शेवटचं ‘अलेलुया’ संथ आहे, तिथे घाई केली की झालंच.

हो आणि ही रचना डी मेजरमध्ये, म्हणजे डी हा षड्ज धरून, का, तर त्या काळच्या ट्रम्पेटला आजच्यासारख्या व्हाल्व्ह नव्हत्या, नळीत जे नैसर्गिक सूर निघतात तेवढेच. इंग्लंडात ती ट्रम्पेटं डीमधली, नगारे डी आणि ए वर लावलेले. राजाचा थाट हवा तर ट्रम्पेट हवं, ट्रम्पेट हवं तर डी. सूर निवडताना भावना वगैरे नंतर, आधी पितळ काय देतं ते बघायचं. म्हणून तर पहिले २२ बार ट्रम्पेट गप्प ठेवण्यात हिंमत आहे, हाताशी असलेली सगळ्यात चमकदार गोष्ट तो झाकून ठेवतो.

षड्जपंचम

खर्जराव, मान्य. मोजून केलेलं मोकळेपण. हे वाचून परत ऐकलं आणि आता मीही मोजायला लागलो, सगळी मजा घालवलीत.

काळी_पाच

सगळे नाचतायत म्हणून मी जरा थंड पाणी ओतते. हे माझं वैयक्तिक मत, पण ‘झेडॉक’ हे अँथम या प्रकाराचं चांगलं उदाहरण नाहीच. ते उत्तम दरबारी संगीत आहे. शब्द किती तर तीन ओळी, त्यातली दीड ओळ म्हणजे राजा चिरायू होवो. देव फक्त राजाला वाचवायला येतो. अँथमचा खरा संसार रोजच्या संध्याकाळच्या प्रार्थनेत आहे, इव्हनसाँगमध्ये. १६६२ च्या प्रार्थनापुस्तकात तिसऱ्या प्रार्थनेनंतर एक साधी सूचना आहे, जिथे गायलं जातं अशा ठिकाणी इथे अँथम होईल, बस्स. त्या एका ओळीच्या आधारावर इंग्लंडच्या कॅथेड्रलांत शेकडो वर्षं, ऐकायला दहा डोकी असोत वा दोनशे, लहान पोरं आणि पुरुष आमनेसामने दोन रांगांत उभे राहून गातायत. आता बऱ्याच ठिकाणी मुलीही. त्या दोन बाजूंना डेकानाय आणि कॅन्टोरिस म्हणतात, आणि गाणं या बाजूकडून त्या बाजूकडे फिरतं.

तिथलं संगीत ऐकायचं तर हँडेलच्या आधीचा इंग्रज संगीतकार हेन्री पर्सेल. ‘हिअर माय प्रेअर, ओ लॉर्ड’. साधारण १६८२, म्हणजे तेव्हा हा बाविशी-तेविशीचा, अॅबीचा ऑर्गनिस्ट. शब्द एकच ओळ, १०२ व्या स्तोत्राची पहिली, देवा माझी प्रार्थना ऐक आणि माझा आक्रोश तुझ्यापर्यंत पोचू दे. आठ आवाज, ३४ बार, अडीच मिनिटांत संपतं. वाद्यांची फौज नाही, प्रस्तावना नाही. सुरुवातीचं वाक्य जवळजवळ एकाच सुरावर आहे, मध्ये एकदा किंचित वर जाऊन परत खाली, दोन सुरांत सगळं. ‘आक्रोश’ला मात्र सूर अर्ध्या अर्ध्या पायरीनं सरपटतो. एकेक आवाज तेच घेऊन येत राहतो, थर चढत जातात, आणि शेवटाच्या जरा आधी आठही आवाज एकमेकांना इतके घासतात की ऐकवत नाही. मग उतरतं. संपतं.

टेम्सकाठचे म्हणतात हँडेलनं वाट बघणं संगीतात घातलं. पर्सेलकडे वाट बघायलाही कोणी उरलेलं नाही, कोणी ऐकतंय की नाही हेच ठाऊक नाही. आणि हा प्रश्न जास्त मोठा आहे.

त्या हस्तलिखिताबद्दल एक. पर्सेलच्या हातचं आहे, केंब्रिजला फिट्झविल्यम म्युझियममध्ये, आणि त्या ३४ बारांनंतर पानं कोरी सोडलीत. म्हणून अभ्यासक म्हणतात की पुढे आणखी काही लिहायचं असावं, हा मोठ्या रचनेचा पहिला भाग असावा. पुढचं कधी लिहिलंच नाही.

इतिहासाचा_तास

काळी पाच, तुमचा पर्सेल मान्य, पण ‘दरबारी विरुद्ध देवाचं’ अशी फाळणी करू नका, कारण पर्सेल स्वतः दरबारी नोकर होता. १६४९ ते १६६० राजा नाही, प्युरिटन, म्हणजे कडव्या प्रोटेस्टंट, लोकांनी कॅथेड्रलमधले कॉयर बंद केलेले, ऑर्गन तोडलेले. दुसरा चार्ल्स परत आला तेव्हा गायला तयार मुलंच नव्हती, वरचा आवाज भरायला सुरुवातीला कॉर्नेट नावाची वाद्यं आणि खोट्या आवाजात गाणारे पुरुष वापरावे लागले. मग कॅप्टन हेन्री कुकनं चॅपल रॉयलमध्ये पोरं तयार केली, त्या घाण्यातून पेलम हम्फ्री, जॉन ब्लो आणि पुढे पर्सेल निघाले.

चार्ल्सला फ्रान्समध्ये राहून चटक लागलेली, त्यानं २४ व्हायोलिनवाले ठेवले आणि चर्चमध्ये अँथमच्या मधेमधे त्यांचे तुकडे वाजायला लागले. डिसेंबर १६६२ मध्ये जॉन एव्हलिननं रोजनिशीत चिडून लिहिलंय की हे गुत्त्यात किंवा नाटकगृहात शोभेल, चर्चमध्ये नाही. म्हणजे तुमचा हा आक्षेप साडेतीनशे वर्षं जुना आहे. आणि पर्सेलचा ‘रिजॉइस इन द लॉर्ड ऑलवे’ ऐका, ज्याला बेल अँथम म्हणतात, त्याच्या सुरुवातीला खालचे सूर घंटानादासारखे पायरीपायरीनं उतरत राहतात, ते याच राजाच्या आवडीचं बाळ आहे. राजाला ताल धरता आला पाहिजे ही अट होती. हँडेलची ती २२ बारांची वाद्यांची सुरुवात याच परंपरेतून येते, आकाशातून पडलेली नाही.

काळी_पाच

नोकर होता म्हणून सगळं नोकरीचं होत नाही. ‘हिअर माय प्रेअर’वर कोणत्या राजानं ताल धरला असता ते सांगा.

टेम्सकाठचा

काळी पाच, तीन ओळी आहेत हे खरंय पण मला तेच आवडतं. त्यात कोणी राजाची स्तुती करत नाही, तो शूर आहे, न्यायी आहे, असलं काही नाही. दोन माणसांची नावं, त्यांनी काय केलं, आणि लोक काय ओरडले. बातमीसारखं.

इतिहासाचा_तास

टेम्सकाठच्यांच्या मूळ मुद्द्यात थोडी भर. १९५३ ला ‘झेडॉक’ सुरू असताना राणीच्या अंगावरचा झगा, दागिने उतरवून साधा पांढरा पोशाख चढवला, आणि गाणं संपल्यावर छताखाली अभिषेक झाला. २०२३ ला गाणं आणि पडद्यामागचा अभिषेक बरोबर चालले. म्हणजे गाण्याची नेमकी जागा थोडी पुढेमागे होते.

जाता जाता चमचा. तेल ज्या चमच्यात घेतात तो बाराव्या शतकातला आहे. १६४९ नंतर राजचिन्हं वितळवली-विकली तेव्हा तो राजाच्या एका जुन्या नोकरानं १६ शिलिंगांना विकत घेतला आणि चार्ल्स परत आल्यावर परत केला. मुकुटं गेली, चमचा राहिला.

टेम्सकाठचा

मग तर अजून बरं. भारी कपडे उतरेपर्यंत ट्रम्पेट गप्प असतात.

मांडवी

गोव्याकडून एक शंका. आमच्याकडे चर्चमध्ये व्हायोलिन, कॉयर, चार आवाज सगळं आहे, पण ते पोर्तुगीज-कॅथलिक वळणाचं, लॅटिन आणि कोकणीत. हा इंग्लिश प्रकार मुंबईत कुठे ऐकायला मिळतो का? म्हणजे ब्रिटिश तर तिथे होतेच.

नगरची_नलू

फोर्टमधलं सेंट थॉमस कॅथेड्रल १७१८ च्या नाताळात उघडलं, म्हणजे ‘झेडॉक’ लिहिलं गेलं तेव्हा ते नऊ वर्षांचं होतं. चर्चगेट हे नाव त्याच्यावरूनच. ते अँग्लिकन. पण १९७० मध्ये नागपूरला वेगवेगळी मंडळं एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं, अँग्लिकनही त्यात आले, आता आमचं सगळ्यांचं एकच. पूजेची वळणं जिथली तिथली थोडीफार टिकलीत. मराठी मंडळींत मात्र गायचं ते पेटी-तबल्यावर भजनाच्या चालीत, रेव्हरंड ना. वा. टिळकांची गीतं. चार आवाजांत बसवायचा हौशी प्रयत्न नाताळात होतो आणि टेनरमध्ये, म्हणजे पुरुषांच्या वरच्या आवाजात, नेहमी दोनच पुरुष असतात, त्यातला एक सर्दीनं बसलेला.

खर्ज

टेनरचं दुःख जागतिक आहे. मुंबईत परांज्योती अकॅडमी कोरस वगैरे जुने कॉयर आहेत, त्यांचे कार्यक्रम बघत राहा. संपूर्ण इव्हनसाँगच्या रिवाजात ऐकायचं तर मात्र तिकडेच.

गडकरी_गल्ली

३५० वर्षांपूर्वी रायगडावर अभिषेक झाला तेव्हा इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडेन हजर होता, तिथले मंत्र आणि वाद्यं यांबद्दल कोणी धागा का काढत नाही? सगळं कौतुक गोऱ्यांचंच का?

टेम्सकाठचा

काढा की तुम्ही, पहिला प्रतिसाद माझा. इथे मात्र विषयांतर नको.

बॅकबेंचर

वाचलं सगळं. पुढच्या महिन्यात ऑफिसकामाला लंडनला चाललोय. काळी पाच म्हणतायत ते इव्हनसाँग कुठे, तिकीट किती, आणि मी ख्रिस्ती नाही तर चालतं का?

काळी_पाच

तिकीट नाही. अॅबीत एरवी बघायला जायचे चांगले पैसे पडतात, पण प्रार्थनेला जाणाऱ्याला काही नाही. आठवड्यात बहुतेक दिवशी संध्याकाळी पाचला असतं, जायच्या आधी त्यांच्या साइटवर बघून घे, कधी नुसती वाचलेली प्रार्थना असते, गाणं नसतं. त्या आठवड्यात कोण काय गाणार, संगीतकाराच्या नावासकट, तिथे दिलेलं असतं. धर्म कोणी विचारत नाही. सगळे उठले की ऊठ, बसले की बस, फोन बंद ठेव, आणि मध्ये टाळ्या वाजवू नकोस, कारण हा कार्यक्रम नाही. गर्दी असेल तर आधी जाऊन कॉयरच्या जवळच्या बाकांवर बसवतात का बघ, पोरांचे चेहरे दिसतात, एखादा जांभई देत असतो आणि दोन सेकंदांनी तोच तोंड उघडून असा सूर लावतो की विचारू नकोस. पर्सेलची कबरही तिथेच आहे, ऑर्गनच्या जागेजवळ. ३६ व्या वर्षी, १६९५ च्या नोव्हेंबरात गेला. शिळेवर लिहिलंय की तो अशा जागी गेला जिथे त्याच्याहून सरस संगीत असू शकतं, दुसरीकडे कुठे नाही. हँडेलही त्याच इमारतीत, दुसऱ्या कोपऱ्यात.

जाणं नाहीच जमलं तर बीबीसी रेडिओवर १९२६ पासून दर आठवड्याला इव्हनसाँग लागतं, वेगवेगळ्या चर्चमधून.

बॅकबेंचर

धन्यवाद. ‘झेडॉक’ असेल का त्या दिवशी?

काळी_पाच

नसेल अशी आशा करूया.

खर्ज

काळी पाच, एवढाही राग नको. १७६१ ला तिसऱ्या जॉर्जच्या वेळी विल्यम बॉइसला अँथम लिहायला सांगितले, त्यानं बाकीचे सगळे नव्यानं केले पण या शब्दांना परत चाल लावायला नकार दिला, हँडेलनंतर त्यात काही करण्यासारखं नाही म्हणाला. व्यवसायातल्या माणसानं असं म्हणणं म्हणजे लहान गोष्ट नाही, आपल्याकडे कोण म्हणेल.

काळी_पाच

राग नाही हो. बरं, तडजोड. हँडेलच्या त्या चार अँथमांत एक ‘माय हार्ट इज इन्डायटिंग’ आहे, राणी कॅरोलाइनच्या मुकुटासाठी, शब्द ४५ व्या स्तोत्राचे आणि थोडे यशयाचे. तो सावकाश, मऊ आहे, ट्रम्पेट शेवटापर्यंत राखून ठेवलेत. आणि याच शब्दांवर पर्सेलनं १६८५ मध्ये दुसऱ्या जेम्सच्या राज्याभिषेकासाठी लिहिलंय, आठ आवाज आणि तंतुवाद्यं. एकच मजकूर, एकच इमारत, मध्ये ४२ वर्षं. दोन्ही लागोपाठ ऐका आणि इथे येऊन लिहा. दरबारी म्हणून मी दोन्हीला नावं ठेवीन, पण पर्सेलला कमी.

टेम्सकाठचा

आज रात्री ऐकतो. आधी हँडेल, म्हणजे तुम्हाला बोलायला जागा राहील.

षड्जपंचम

मी उलटं ऐकणार. आणि मोजणार नाही.